रिकामा कॅच, चुकलेला हिशेब

ईदच्या गर्दीत आमच्या मालवणच्या दुकानात कॉम्प्युटरने साठ्यातून बारा मीटर कापड वजा केले, पण बिल नोंदलेच नाही. पडद्यावर एक अक्षर आले नाही. रात्री गल्ला जुळेना, तेव्हा गफलत कळली.

प्रोग्रॅम जावा भाषेत होता. सन कंपनीने 1995 साली आणलेली ही ऑब्जेक्टवर आधारलेली भाषा. डेटाबेसने नोंद नाकारली की तीत 'एसक्यूएल एक्सेप्शन' हा ऑब्जेक्ट तयार होतो. त्यात कारण व पाच अक्षरी कोड असतो. कोड 23 ने सुरू झाला तर डेटाबेसचा नियम मोडला, जसे तोच बिल क्रमांक पुन्हा आला. 22 ने झाला तर माहितीच सदोष. 'ट्राय'मध्ये काम करायचे, 'कॅच'मध्ये चुकीची दखल घ्यायची. आमच्या प्रोग्रॅमरने कॅच रिकामा ठेवला होता! मुनीमजींनी चूक पाहून वही मिटावी, तसेच हे.

शिवाय जावात प्रत्येक नोंद आपोआप पक्की होते. ती सोय आधी बंद करावी. साठा व बिल दोन्ही नोंदले गेले तरच 'कमिट'. एक अडले तर 'रोलबॅक', म्हणजे साठाही पूर्ववत.

काही चुका मात्र डेटाबेसलाही दिसत नाहीत. जीएसटी क्रमांकात सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, 30 म्हणजे गोवा. बांद्याच्या व्यापाऱ्याला चुकून 30 लागले, तर प्रोग्रॅम आयजीएसटी लावून मोकळा. क्रमांकाचे पंधरावे अक्षर पडताळणीचेच असते. नोंदीआधी ते तपासून घ्यावे.

प्रोग्रॅमरचे पैसे चुकते करण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी एकच बिल क्रमांक दोनदा टाकून पाहावा, आणि लगेच साठा बघावा.