दृश्यातून लेखन: पांझराकाठचे काही धडे

छायाचित्र किंवा निसर्गदृश्य समोर ठेवून कविता, कथा वा ललित लिहिताना पहिले काम पाहण्याचे असते, आणि घाई नेमकी तिथेच होते. दृश्य सुंदर आहे एवढे नोंदवून लेखणी विशेषणांकडे वळते. त्यापेक्षा नजर कोणत्या क्रमाने फिरली, हे टिपलेले जास्त कामाला येते. धरणगावात जन्मलेल्या बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे. त्यात झरा, पलीकडच्या टेकडीकडचे गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी झाड अशी नजर सरकत जाते. ‘मी’ कुठेच येत नाही, तरी कवीची मनःस्थिती वाचकापर्यंत पोचते. ही किमया क्रमाची आहे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले पिंपळनेर हा अभ्यास करायला फार चांगले ठिकाण आहे. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, गावालगत पांझरा नदी, आणि आसपासच्या डोंगरांवर काळ्या दगडाच्या उभ्या भिंती. दुरून त्या पडक्या किल्ल्याच्या तटासारख्या वाटतात. जवळ गेल्यावर दगडाचे आडवे ठोकळे एकावर एक रचल्यासारखे दिसतात. पण त्या कोणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांत शिरून थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि हा कठीण भाग उघडा पडला. हे कारण कळले की त्याच भिंतीविषयी लिहिलेले वाक्य बदलते. म्हणून दृश्य पाहून झाल्यावर त्यामागचे कारण शोधावे.

दुसरा शोध माणसांच्या कामाचा. पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातले पाणी पाटाने शेतात येते. लाभक्षेत्राचे भाग, म्हणजे फड, पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि फडांची पिके आलटूनपालटून बदलायची, अशी रीत. पाणी पाटकरी सोडतो, पिकाची राखण जागल्या करतो. ही माहिती नसलेल्याला समोर फक्त हिरवे आणि पिवळे पट्टे दिसतात. माहिती असलेल्याला त्यात शेजाऱ्यांमधला करार दिसतो, आणि कथा लिहायला हाच करार उपयोगी पडतो.

छायाचित्राचे काम इथून पुढे सुरू होते. उन्हाळ्यात घेतलेला बंधाऱ्याचा एक फोटो मोठा करून पाहावा. दगडावर पाण्याची रेघ किती उंचीपर्यंत आहे, वरच्या अंगाला गाळ किती साचला आहे, कडेला कोणाचे कपडे वाळत आहेत, हे सगळे त्यात सापडते. जागेवर उभे असताना डोळे मोठ्या दृश्याकडे ओढले जातात आणि अशा गोष्टी निसटतात. फोटोच्या मध्यापेक्षा कडा आधी तपासाव्यात, कारण फोटो काढणाऱ्याने तिथले काही मुद्दाम ठेवलेले नसते. मात्र वास, आवाज, उन्हाचा चटका आणि चौकटीबाहेरचा माणूस फोटोत येत नाही. ते जागेवरच वहीत उतरवावे. डोंगराचे, ओढ्याचे, शेताचे नाव तिथल्या माणसाला विचारावे. ते तो अहिराणीत सांगेल, तसेच लिहून घ्यावे.

दृश्य बाहेरच असले पाहिजे असेही नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची कित्येक दशके जवळजवळ घरातच काढली. टेबलावर छोट्या वस्तूंची मांडणी करून ते खरी वाटणारी दृश्ये उभी करत आणि टिपत. मांडणी आणि प्रकाश यांवर दृश्याचा अर्थ किती अवलंबून असतो, हे लेखकाने त्यांच्या कामातून शिकावे.

लिहायला बसताना फोटो झाकून ठेवावा. आठवणीतून जे येते तोच मसुद्याचा गाभा. नंतर फोटो पुन्हा समोर घेऊन चुका दुरुस्त कराव्यात, पण फोटोत आहे म्हणून प्रत्येक वस्तू मजकुरात कोंबू नये. एकाच भेटीवर लिहिलेले बहुधा वरवरचे राहते. पांझराकाठी हे काम करणाऱ्याने एकच बंधारा निवडावा आणि वैशाखात एकदा, श्रावणात एकदा तिथे जाऊन यावे.