एचपी नेमका कुठे मोजला?

दिंडोशीहून पश्चिम द्रुतगती मार्गाने उत्तरेला निघाले की थोड्याच वेळात कांदिवलीचा आकुर्ली रोड लागतो. तिथे महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्राने ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकले ते 1963 साली. ट्रॅक्टर किती एचपीचा, हे गिऱ्हाईक किमतीच्याही आधी विचारते. पण या प्रश्नाला एकच उत्तर नसते. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक आकडा येतो, रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टवर त्याहून कमी आणि नांगर ओढताना मागच्या हुकवर आणखी कमी. म्हणून जाणता शेतकरी ‘पीटीओला किती?’ असे खोदून विचारतो. दिंडोशीच्या टॉवरमधला मोटारवाला एवढी चौकशी करत नाही. ब्रोशरवरचा आकडा फ्लायव्हीलवरचा असतो, गाडी पळते ती चाकांवर.

हा घोळ जुना आहे. ट्रॅक्टरच्या जाहिरातींतले फुगवलेले आकडे पाहून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये चाचणीचा कायदाच केला. आपल्याकडे ट्रॅक्टरची तपासणी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होते आणि मोटारींची पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये. ही संस्था 1966 ची.

मोजायच्या गोष्टी दोनच: इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाचे फेरे. न्यूटन-मीटरला फेऱ्यांनी गुणून 9549 ने भागले की किलोवॅट मिळतात. फेरे मोजणे सोपे. पीळ मोजायचा तर इंजिनाला अडवावे लागते. फ्रान्समध्ये प्रोनी याने 1821 मध्ये फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळ्यांनी आवळले, ठोकळ्यांना लांब दांडा जोडला आणि दांडा फिरू न देण्यासाठी त्याच्या टोकाला किती वजन लावावे लागते ते पाहिले.

ज्यांनी पॉलिटेक्निकला डिझेल इंजिनाचे प्रॅक्टिकल केले, त्यांनी हेच दोराने केले आहे. 1500 फेऱ्यांवर धडधडणारे किर्लोस्करचे 5 एचपीचे एक सिलिंडरी इंजिन, ड्रमला गुंडाळलेला दोर, एका टोकाला वजने, दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स. ड्रम आतून पोकळ, त्यात पाणी ओतत राहायचे, नाहीतर दोराला करपट वास सुटतो. वजने आणि बॅलन्स यांच्यातला फरक 16 किलोच्या आसपास आणि त्रिज्या 15 सेंटीमीटर असली की हिशेब बरोबर 5 एचपीला टेकतो. बॅलन्सचा काटा सारखा थरथरतो आणि जर्नल लिहिणारा त्यातला सोयीचा आकडा उचलतो, हेही तितकेच खरे. तरी डायनोची, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या डायनामोमीटरची, सगळी मेख त्या दोरात दिसते.

पुढे दोर गेला, तत्त्व राहिले. विल्यम फ्रूड याने 1877 मध्ये जहाजाच्या इंजिनासाठी पाण्याचा ब्रेक केला. त्यात पाणी घुसळले जाते आणि शक्ती उष्णता होऊन निघून जाते. मग विजेच्या भोवऱ्यांनी, म्हणजे एडी करंटने, फिरत्या चकतीला धरणारे डायनो आले. आजच्या मोठ्या प्रयोगशाळांत थेट विजेची मोटार असते. ती इंजिनाला अडवतेही आणि, इंधन बंद असताना, स्वतः इंजिनाला फिरवून त्याच्या आतले घर्षणही मोजते.

इंजिन गाडीतून न उतरवता मोजायचे तर रोलरचा डायनो. गाडी पट्ट्यांनी ताणून बांधतात, समोर मोठा पंखा लावतात आणि एकास एकच्या जवळचा गिअर टाकून पूर्ण ॲक्सिलरेटर देतात. साध्या डायनोत अडवणारे काहीच नसते. जड ड्रम किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती काढतात. ही चाचणी काही सेकंदांत आटोपते, पण गाडीला एका वेगावर धरून ठेवता येत नाही. ते करायला ब्रेकवाला डायनोच लागतो. शिवाय टायरची हवा आणि पट्ट्यांचा ताण बदलला तरी आकडा सरकतो. चाकावरच्या आकड्यात सरसकट 15 टक्के मिळवून ‘इंजिनाचा एचपी’ सांगणारे भेटतात. त्याला मी मापन म्हणणार नाही.

ज्या शक्तीच्या आकड्यावर एवढी चर्चा, ती रोज लागते कुठे? 1200 किलोची गाडी दहात एक अशा चढावर ताशी 36 किलोमीटरने चढते असे धरा. चढासाठी 16 एचपी लागतात, टायर आणि वाऱ्याचे धरून फार तर 19. दिंडोशीच्या चढावर रिक्षाच्या मागे अडकलेल्या गाडीला तेवढेही लागत नाहीत.

खरी गंमत हवेच्या दुरुस्तीत, म्हणजे मोजलेला आकडा ठरावीक प्रमाण हवेवर आणण्यात आहे. मुंबईतला पावसाळा घ्या: तापमान 30 अंश, आर्द्रता 80 टक्के, दाब 100.5 किलोपास्कल. त्यातला 3.4 निव्वळ वाफेचा; इंजिनाच्या कामाची कोरडी हवा उरली 97.1 ची. पेट्रोल इंजिनावर 100 एचपी मोजले, तर 25 अंश आणि 99 किलोपास्कल प्रमाण मानणारे आयएसओ 1585 चे सूत्र त्याचे 103 करते. एसएई या अमेरिकी संस्थेचे जुने जे-607 सूत्र थंड, दाट हवा प्रमाण मानते, म्हणून तेच इंजिन जवळपास 107 वर जाते. बोल्टही न हलवता साडेतीन एचपी वाढले. टर्बोच्या गाडीला साध्या पेट्रोल इंजिनाचे सूत्र लावले तर फुगवटा आणखी वाढतो, कारण विरळ हवेची बरीचशी भरपाई टर्बोने आधीच केलेली असते.

म्हणून रिमॅपसाठी, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून शक्ती वाढवण्यासाठी, पैसे मोजणाऱ्याने एकच शिखराचा आकडा घेऊन घरी येऊ नये. आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही ग्राफ मागावेत, तेही त्याच डायनोवरचे, त्याच गिअरमधले आणि इंजिन सारखेच तापलेले असतानाचे. कागदाच्या कोपऱ्यात सूत्राचे नाव आणि करेक्शन फॅक्टर बारीक अक्षरात छापलेला असतो. पहिल्या ग्राफवर 1.03 आणि दुसऱ्यावर 1.07 दिसला, तर बिल देण्याआधी तिसरी चाचणी करायला सांगावी.