गाडी तापली? आधी झाकणाला हात लावू नका!

रामनवमीची यात्रा, पोहरादेवीच्या रस्त्यावर गर्दी, आमची जुनी गाडी मुंगीच्या चालीने, आणि टेंपरेचरचा काटा थेट लालमध्ये! मागे आजी बसलेली. बाबा म्हणाले, "झाकण उघड, पाणी टाक." म्हटलं, बाबा, थांबा!

का? बंद रेडिएटरमध्ये प्रेशर असतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की प्रेशर सुटतं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. त्यामुळे इंजिन बंद करा, अर्धा तास तरी थांबा.

मग कोड डीबग करतो तसंच बघायचं: प्रॉब्लेम नेमका कधी येतो?

गर्दीत तापते, पळताना थंड होते? फॅन बघा. आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर.

पळतानाही तापते? पाणी कमी आहे, रेडिएटर चोंदलाय, नाहीतर थर्मोस्टॅट अडकलाय.

डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय? हेड गॅस्केट गेलं असेल. गाडी चालू करू नका, टोचन करून न्या.

आमचा फक्त फ्यूज उडाला होता. नवा टाकला, तेवढ्याच अँपिअरचा. तोही उडाला तर मोठा टाकायचा नाही हं, वायरिंग जळेल, मोटर तपासायची.

आजीचं दर्शन झालं. तुमच्या गाडीत एक्स्ट्रा फ्यूज आहे का? आजच बघा!