पीक सुकते तेव्हा पाणी कोठे अडते?

शेतातील पिकाने माना टाकल्या की पाटाचे दारे धरावे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. पुष्कळ वेळा ती योग्यही ठरते. परंतु पीक सुकण्याची कारणे एकाहून अधिक असून, त्यांपैकी काहींत दिलेले पाणी उपयोगी पडण्याऐवजी घातक होते. तहसील कचेरीतील कारकुनीच्या काळात पीक-नुकसानीचे कितीतरी पंचनामे आमच्या नजरेखालून गेले. त्यांत बहुधा ‘पीक सुकून गेले’ एवढाच शेरा असे. जमिनीत पाणी नव्हते, की असून ते मुळांस घेता आले नाही, की झाडात शिरून वाटेत अडले, याचा उलगडा त्यावरून होत नसे. हा उलगडा शेतकऱ्यास स्वतःच्या शेतात करता यावा, यास्तव वनस्पतीतील पाण्याचा मार्ग येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

मुळांच्या टोकांजवळ केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते मातीच्या कणांमधील पाणी शोषून घेतात. त्या पाण्यात नत्र, पालाश, चुना, लोह इत्यादी द्रव्ये विरघळलेली असतात. परंतु ती सर्वच पाण्याबरोबर आपोआप आत येत नाहीत. त्यांतील बरीचशी निवडून घेण्यासाठी मुळांस शक्ती खर्च करावी लागते व ती शक्ती श्वसनापासून मिळते. म्हणून मुळांस पाण्याइतकीच हवेचीही आवश्यकता आहे. आपले वाडवडील ज्यास ‘वाफसा’ म्हणत आले, ती मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा ही दोन्ही असण्याचीच स्थिती होय.

मुळांनी घेतलेले पाणी खोडातील जलवाहिन्यांतून वर जाते. या नळ्यांची घडण पुरी होताच त्यांतील सजीव भाग नाहीसा होतो व केवळ पोकळ वाट उरते. येथे एक शंका येते. विहिरीवर पंप बसविणारास ठाऊक आहे की, वरून ओढून पाणी सुमारे १० मीटरांपलीकडे चढविता येत नाही. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष तर ११५ मीटरांपर्यंत वाढलेले आढळतात. त्यांच्या शेंड्यास पाणी कोण पोचवितो?

याचे उत्तर पानांत आहे. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. यास बाष्पोच्छ्वास म्हणतात. इंग्लंडातील स्टीफन हेल्स यांनी कुंडीतील सूर्यफुलाचे वेळोवेळी वजन करून, ते दिवसाकाठी सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक, पाणी हवेत सोडते, असे १७२७ साली प्रसिद्ध केले. पानातील एक कण उडाला की त्याच्या मागचा कण पुढे ओढला जातो. कारण पाण्याचे कण परस्परांस घट्ट धरून असतात. बारीक नळीत हा पाण्याचा धागा दोरासारखा ताणला जातो व त्याची ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. ही उपपत्ती १८९४ साली डब्लिन येथील डिक्सन व जोली यांनी मांडली. आपले जगदीशचंद्र बसू यांनी १९२३ सालच्या आपल्या ग्रंथात, सजीव पेशींच्या स्पंदनाने रस वर चढतो, असे प्रतिपादिले होते. परंतु पुढील संशोधनाने पानांच्या ओढीच्या उपपत्तीसच बळकटी आली. तात्पर्य, पाणी खालून ढकलले जाण्यापेक्षा मुख्यत्वे वरून ओढले जाते.

पानांत तयार झालेली साखर मात्र सालीच्या आतील रसवाहिन्यांतून फळांकडे व मुळांकडे जाते. डाळिंबाची गुटी बांधणारास याचा पुरावा वेगळा नको. फांदीची साल कड्यासारखी काढली तरी वरची पाने हिरवीच राहतात, कारण पाणी आतील लाकडातून चालूच असते. आणि उतरणारा अन्नरस कापाच्या वरच्या बाजूस साचून तेथे मुळ्या फुटतात. मावा कीडही याच अन्नरसावर जगते; तिच्यामुळे पडणारा चिकटा म्हणजे तिने टाकलेली जादा साखर होय.

खतांच्या बाबतीतही हे दोन मार्ग ध्यानात ठेवावे. नत्र जुन्या पानांतून निघून कोवळ्या पानांकडे जाऊ शकते, म्हणून त्याची उणीव खालच्या पानांवर प्रथम दिसते. लोह तसे सहज हलत नाही, म्हणून उसावरील केवडा कोवळ्या पानांवर प्रथम येतो. चुना बहुतेक जलवाहिन्यांतूनच वाहतो. आणि जमिनीत वाढणाऱ्या भुईमुगाच्या शेंगेतून वाफ उडत नसल्याने तो तिच्याकडे वरून फारसा येत नाही. शेंगेस तो सभोवतालच्या मातीतूनच घ्यावा लागतो. आऱ्या सुटण्याच्या सुमारास बुडाशी जिप्सम देण्याचे कारण हेच.

आता सुकण्याकडे वळू. त्याचे तीन प्रकार वाचकांनी वेगळे ओळखावे.

पहिला, खरी तहान. दुपारी पाने मलूल होऊन सायंकाळी सावरत असतील, तर मुळांच्या पुरवठ्यापेक्षा पानांचा खर्च काही वेळ वाढला, एवढाच त्याचा अर्थ. पहाटेही पाने मलूल असतील व मुळांच्या खोलीवरील माती कोरडी असेल, तर पाणी देण्यास विलंब करू नये.

दुसरा, मुळांचा कोंडमारा. माती चिंब असून पीक सुकते, कारण हवेअभावी मुळांची पाणी घेण्याची शक्ती क्षीण होते. दीर्घ उघडीप व कडक उन्हानंतर एकदम जोराचा पाऊस झाला अगर भरपूर पाणी दिले, तर बोंडांनी लदलेली कपाशी एक-दोन दिवसांत माना टाकते; हीच आकस्मिक मर. अशा वेळी चर काढून पाणी तत्काळ बाहेर घालवावे व वाफसा येताच कोळपणी करावी. खारवट जमिनीतही ओल असून पीक तहानलेले राहते. तेथे क्षारच पाणी धरून ठेवतात. तेथेही निचरा हाच पहिला उपाय होय.

तिसरा, वाटेतील अडथळा. तुरीच्या मर रोगात बुरशी मुळांवाटे शिरून जलवाहिन्या बंद करते. खोड उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळसर रेषा दिसल्या तर पाणी देणे व्यर्थ आहे. रोगट झाडे उपटून जाळावी, त्या शेतात काही वर्षे तूर घेऊ नये, व पुढे प्रतिकारक वाणच पेरावा.

तिन्ही प्रकारांत पान वरून सारखेच लोंबते. यास्तव दारे धरण्यापूर्वी कुदळीने मुळांपर्यंत माती उकरून ओल पाहावी, आणि ओल असूनही पीक सुकत असल्यास एक झाड उपटून मूळ व खोड चिरून तपासावे. या कामास अर्धी घटका पुरते. तेवढ्याने कित्येकदा उभे पीक वाचते, आणि निदान पाण्याचा व मजुरीचा व्यर्थ खर्च तरी खात्रीने टळतो.