'डॉट मी' कुणाचं? ५५ टक्क्यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं गाळलंय.

सुरुवात माझ्या एका खरेदीपासून करतो. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला पोर्टफोलिओसाठी मी एक डोमेन घेतलं. आधी माझं नाव आणि पुढे 'डॉट मी'. इंग्रजीत वाचा नाहीतर मराठीत, अर्थ माझ्यापाशीच येतो. एकदम फिट्ट! मला वाटलं, हे असंच कुणीतरी गंमत म्हणून काढलेलं असणार. पुढे नोकरीत डोमेनची कामं करताना कळलं, की जसं 'डॉट इन' भारताचं, तसं 'डॉट मी' हे मॉन्टेनेग्रो नावाच्या देशाचं आहे. आणि मी तिसरीत होतो तेव्हा हा देश जगाच्या नकाशावर वेगळा नव्हताच!

मग काय, खोदत गेलो.

मॉन्टेनेग्रो म्हणजे काळा डोंगर. एड्रिआटिक समुद्राच्या काठी, इटलीच्या समोर. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी. १८७८ च्या बर्लिन परिषदेत त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता मिळाली होती. १९१८ मध्ये तो सर्बियाला जोडला गेला आणि पुढे युगोस्लाव्हियाचा भाग झाला. १९९० नंतर युगोस्लाव्हिया फुटायला लागला. क्रोएशिया, बोस्निया वगैरे बाहेर पडले. १९९२ मध्ये मॉन्टेनेग्रोतही मतदान झालं, आणि विरोधकांनी बहिष्कार घातलेल्या त्या मतदानात तब्बल ९६ टक्के मतं सर्बियासोबत राहण्याच्या बाजूने पडली.

मग १४ वर्षांत असं काय बदललं?

बरंच काही. युद्धं झाली, निर्बंध आले, महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं. १९९७ च्या सुमारास मॉन्टेनेग्रोचे नेते मिलो ड्युकानोविच यांनी सर्बियाच्या मिलोसेविच यांची साथ सोडली. १९९९ मध्ये मॉन्टेनेग्रोने युगोस्लाव्हियाचा दिनार असतानाच जर्मन मार्क चालवायला घेतला, आणि २००२ पासून युरो. म्हणजे बघा, देश एक आणि चलनं दोन! घरात राहूनच वेगळी चूल मांडल्यासारखं.

युरोपियन युनियनला मात्र आणखी एक फाटाफूट नको होती. त्यांच्या मध्यस्थीने २००३ मध्ये 'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो' असा सैलसर संघ झाला. त्यात एक कलम होतं, की तीन वर्षांनी कुणालाही सार्वमत घेऊन बाहेर पडता येईल.

तीन वर्षं झाली. आता खरा प्रश्न आला, जिंकलं कधी म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, ५० टक्क्यांच्या वर एक मत. सरकारही तेच म्हणत होतं. पण संघात राहू इच्छिणारे विरोधक म्हणाले, एवढा मोठा निर्णय अशा काठावरच्या बहुमतावर नको. ते बहिष्काराच्या तयारीत होते, आणि त्यांनी बहिष्कार घातला असता तर त्या निकालाला किंमत काय? शेवटी युरोपियन युनियनचे दूत, स्लोव्हाकियाचे मिरोस्लाव लायचाक यांनी तोडगा काढला. निम्म्याहून जास्त मतदान व्हायला हवं आणि वैध मतांपैकी ५५ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने पडायला हवीत. कुरकुर करत दोघांनीही मान्य केलं.

यात धोका होता. समजा ५३ टक्के पडली असती तर? बहुसंख्यांना स्वातंत्र्य हवंय, पण नियमाप्रमाणे ते मिळणार नाही. दोन्ही बाजू 'आम्हीच जिंकलो' म्हणत रस्त्यावर आल्या असत्या, आणि तेही बाल्कनमध्ये, जिथे युद्धाच्या जखमा ताज्या होत्या.

२१ मे २००६. मतदान ८६ टक्क्यांच्या वर. स्वातंत्र्याच्या बाजूने २,३०,६६१ मतं, विरोधात १,८५,००२. भागाकार करून बघा, ५५.५ टक्के येतात! म्हणजे ५५ ची रेघ ओलांडली ती जेमतेम दोन हजार मतांनी. एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त मुलं असतात.

विरोधकांनी फेरमोजणी मागितली, ती मिळाली नाही. पण 'नियमच चुकीचा होता' हे म्हणणं त्यांना अवघड होतं, कारण ती कडक अट त्यांच्याच आग्रहामुळे आली होती. ३ जूनला मॉन्टेनेग्रोने स्वातंत्र्य जाहीर केलं. १५ जूनला खुद्द सर्बियाने मान्यता दिली. एकही गोळी सुटली नाही.

दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, जर्मनीतल्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये 'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो'ची टीम अर्जेंटिनाकडून ६-० ने हरली. मेस्सीचा वर्ल्डकपमधला पहिला गोल याच मॅचमधला. जो देश उरलाच नव्हता, त्याची टीम मैदानात होती!

आता एक घरचा हिशोब. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. तिथे प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच होता. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. याची टक्केवारी काढली तेव्हा मी दोनदा तपासली. पुन्हा साडेपंचावन्न! तिथे ५५ ची अट नव्हती, पण असती तरी निकाल तोच लागला असता.

म्हणजे ५५ हा काही जादूचा आकडा नाही. ६० ठरवले असते तर मॉन्टेनेग्रो आजही सर्बियासोबत असता. आमच्या कामात रिलीजच्या आधी पास कशाला म्हणायचं ते लिहून ठेवतात. टेस्ट चालवल्यावर ती अट बदलायला लागलात, तर टीममध्ये भांडणं नक्की. देशांचंही तसंच दिसतं. हरणाऱ्याने निकाल मान्य करायला हवा असेल, तर अट ठरवताना तो टेबलावर हवा, आणि ती मोजणीच्या आधी ठरायला हवी.

तरी साडेचव्वेचाळीस टक्के लोक दुसऱ्या दिवशी नको असलेल्या देशात जागे झाले, हेही खरं. तिथे अनेक घरांत एक भाऊ स्वतःला सर्ब म्हणवतो, दुसरा मॉन्टेनेग्रिन. सार्वमताने देशाचा प्रश्न सुटला, घरातला नाही.

माझं 'डॉट मी' दरवर्षी रिन्यू होतं. आता पैसे भरताना ती दोन हजार मतं आठवतात.

तुमच्या मते रेघ कुठे असावी, ५० वर की त्यापुढे? विचार करून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!