किल्ली फिरविण्यापूर्वीं

मोटार चालविण्यास शिकणें म्हणजे स्टिअरिंग धरणें, क्लच दाबणें व गिअर बदलणें एवढेंच होय, असा पुष्कळांचा समज असतो. शिकवणीच्या वर्गांची पद्धतहि या समजास थोडीबहुत कारण आहे. वर्गाची गाडी दारापुढें येऊन उभी राहते. तिच्यांत हवा, तेल, पाणी कोणीतरी अगोदरच पाहिलेलें असतें, आणि शिकणारा थेट बैठकीवर जाऊन बसतो. पुढें घरची गाडी हातीं आली म्हणजे हें अगोदरचें काम करणारा कोणी उरत नाहीं. आणि असें कांहीं काम असतें, हेंच त्या बिचाऱ्यास ठाऊक नसतें.

एका दिवाळीच्या सुटींतील प्रसंग सांगतों. माझ्या भाच्यास नुकताच शिकाऊ परवाना मिळाला होता. गांवाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तो गाडी चालवीत होता व मी शेजारीं बसलों होतों. इतक्यांत समोरून म्हशींचा कळप रस्ता ओलांडूं लागला. भाच्यानें ब्रेकवर पाय ठेवला, पण तो खालीं जाईना. "मामा, ब्रेक दाबतच नाहीं!" एवढेंच तो बोलूं शकला. दोन बैठकींच्या मधला हँडब्रेक मीं खेंचला, आणि गाडी हिसके खात शेवटच्या म्हशीपासून दोन हातांवर थांबली. खालीं वांकून पाहतों तों मींच बरोबर घेतलेली पाण्याची स्टीलची बाटली घरंगळत येऊन ब्रेकच्या पायपट्टीखालीं अडकलेली! वेग बेताचा होता म्हणून निभावलें. मुलाचा यांत कांहीं दोष नव्हता. निघण्यापूर्वीं पायांशीं काय आहे तें पाहावें, हें मीं त्याला कधीं सांगितलेंच नव्हतें.

म्हणून पाहणीचा आरंभ तेथूनच करावा. बाटली, छत्री, सुटी चप्पल, पुढें सरकलेली चटई, यांपैकीं कांहींहि पायपट्ट्यांजवळ असूं नये. नंतर ब्रेकची परीक्षा. इंजिन बंद असतां ब्रेक चारपांच वेळां दाबावा. तो उत्तरोत्तर कठीण लागतो. मग तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावें. पायाखालीं ब्रेक किंचित् खालीं उतरला, तर पायाच्या जोरास साह्य करणारी योजना ठीक चालली आहे असें समजावें. बहुतेक पेट्रोलच्या गाड्यांत हें साह्य इंजिनाच्या शोषणानें उत्पन्न होणाऱ्या पोकळीपासून मिळतें. इंजिन बंद पडलें कीं तें साह्य एकदोन दाबांतच संपतें, व पुढें सारा भार आपल्या पायावर येतो. पेट्रोल वांचविण्याकरितां उतारावर इंजिन बंद करणारे शहाणे लोक हें विसरतात. ब्रेक सारखा दाबून धरला असतां हळूहळू तळाला जाऊं लागला, तर कोठें तरी गळती आहे. अशी गाडी जागची हलवूं नये, कारागिरास बोलवावें.

ब्रेकचें तेल बॉनेटखालीं एका लहान, अर्धपारदर्शक भांड्यांत असतें. त्यावरील दोन खुणांच्या मध्यें तेलाची पातळी असावी. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि त्यामुळें कमी उष्णतेवर उकळूं लागतें. खंडाळ्याचा किंवा आंबा घाट उतरतांना जो ब्रेकवरचा पाय उचलीतच नाहीं, त्याचे ब्रेक अतिशय तापतात. जुनें तेल उकळून त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि ब्रेक पोकळ लागतो. यास्तव तेल ठरल्या मुदतींत बदलावें, व घाट खालच्या गिअरमध्यें उतरावा.

आतां चाकें. सुमारें हजार किलो वजनाची गाडी रस्त्याला टेकते ती जेमतेम तळहाताएवढ्या चार जागांवर. तेवढ्यावरच आपला सारा भरंवसा! हवा किती असावी तें चालकाच्या दाराजवळील पट्टीवर बहुधा लिहिलेलें असतें. टायरवर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरावयाची, असा त्याचा अर्थ नव्हे. हवा टायर थंड असतांना पाहावी, कारण धांवून तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो. टायरच्या खांचांत मधून मधून बारीक उंचवटे असतात. खांच झिजून त्यांच्या बरोबरीस आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच खोली उरली असें जाणावें व टायर बदलावा. कोंकणच्या पावसांत गुळगुळीत टायरखालून पाणी निघून जात नाहीं, आणि गाडी होडीप्रमाणें पाण्यावर तरंगूं लागते. स्टेपनींतहि हवा पाहावी. ती नेमकी गरजेच्या वेळींच बसलेली आढळते.

आरसे, कांचा पुसण्याचे वायपर व पट्टे पाहण्यास एक मिनिट पुरतें. परंतु गाडीभोंवतीं एक फेरी मारण्याचा आळस मुळींच करूं नये. गाडीच्या अगदीं मागें बसून खेळणारें लहान मूल कोणत्याच आरशांत दिसत नाहीं.

पालकांसाठीं एक गोष्ट. मोटार चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. तेव्हां हौसेनें मुलाच्या हातीं किल्ली देऊं नका.

पण बालमित्रांनो, वर सांगितलेल्या पाहणींतील पुष्कळ भागास परवाना लागत नाहीं. इंजिन बंद व थंड असतां वडिलांच्या समवेत तुम्हांस हवा मोजतां येईल, तेलाची खूण पाहतां येईल. मागचे दिवे मात्र आंत बसणाऱ्याला दिसत नाहींत. वडील बैठकीवर बसून ब्रेक दाबतील, तेव्हां एकानें गाडीच्या बाजूला, मागचा दिवा दिसेल असें उभें राहून "लागला", "नाहीं लागला" असें ओरडून सांगावें. कोणी सोबतीस नसेल तर संध्याकाळीं गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी. ब्रेक दाबतांच भिंतीवर दोन्ही बाजूंस तांबडा उजेड पडला पाहिजे. एकाच बाजूस पडला, तर दुसरा दिवा गेला आहे.