इच्छापोरचे धारासभ्य: काय त्यांच्या हातात, काय नाही

सुरतेजवळचे इच्छापोर चोर्यासी विधानसभा मतदारसंघात मोडते. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत इथून भाजपचे संदीप देसाई १,८६,४१८ मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत राज्यात याहून मोठे मताधिक्य एकाच जागेवर मिळाले, ते घाटलोडियात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांना. एवढ्या मतांनी निवडून आलेल्या माणसाने सांगावे आणि काम होऊ नये, हे लोकांना पटत नाही. शिवाय इथल्या मराठी कुटुंबांच्या मनात ‘आमदार’ म्हटले की गावाकडचे चित्र असते: लग्नाला येणारे, दवाखान्यात फोन करणारे, तालुक्यात ज्यांचा शब्द चालतो असे. तेच चित्र इथल्या धारासभ्यांवर, म्हणजे गुजरातच्या आमदारांवर, चिकटते आणि पुढच्या समजुती त्यातून तयार होतात.

‘धारासभ्यांनी मनावर घेतले तर रस्ता आठवड्यात होतो.’

आधी रस्ता कोणाचा ते पाहायला हवे. इच्छापोरवरून जाणारा हजीरा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. हजीऱ्यापासून निघून सचिन, बारडोली, सोनगड, नवापूर करत तो धुळे, जळगाव, अकोला, नागपूर आणि पुढे थेट ओडिशातल्या पारादीपला जातो. खानदेशातून सुरतेला येणाऱ्यांचा हा ओळखीचा रस्ता, पण त्याची मालकी केंद्र सरकारची. त्याच्यावरच्या खड्ड्याचा खर्च गुजरात विधानसभेच्या अंदाजपत्रकात नसतो. तिथून आत वळून जीआयडीसीत शिरले की रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे. गावठाणातले आणि सोसायट्यांमधले रस्ते महापालिकेचे. अर्ध्या तासाच्या फेरीत तीन मालक बदलतात.

समज टिकून राहतो तो भूमिपूजनामुळे. नारळ धारासभ्य फोडतात, कोनशिलेवर नाव त्यांचे, फोटोत मध्यभागी तेच. काम ज्या कार्यकारी अभियंत्याच्या सहीने निघाले, तो मांडवात मागच्या रांगेत असतो. जे दिसते त्यावरून लोक अंदाज बांधतात, यात त्यांचा दोष काढता येत नाही. श्रेय घ्यायला पुढे येणाऱ्यांनी ही समजूत कधी दुरुस्त केली नाही, एवढे मात्र म्हणायला हवे.

‘गटार, पाणी, कचरा, सगळे त्यांच्याच कचेरीत सांगायचे.’

ही सवय जुन्या दिवसांची आहे. इच्छापोर ग्रामपंचायतीचे गाव होते. सरपंच आणि तलाटी यांच्यापलीकडे मोठा माणूस म्हणजे धारासभ्यच. २०२० मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली. दोन नगरपालिका आणि २७ गावे आत आली, शहराचे क्षेत्रफळ सुमारे ३२६ चौरस किलोमीटरवरून ४६१ वर गेले. फेब्रुवारी २०२१ च्या महापालिका निवडणुकीत ‘अडाजण-पाल-इच्छापोर’ असा दहा क्रमांकाचा प्रभाग होता आणि इतर प्रभागांप्रमाणे त्यालाही चार नगरसेवक. पाणीपुरवठा, सफाई, शहरी रस्ते ही कामे ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, बाराव्या परिशिष्टात नगरसंस्थांच्या नावे लिहिलेली आहेत. गोंधळात भर अशी की प्रभागाच्या सीमा आणि विधानसभेच्या सीमा जुळत नाहीत. अडाजणचा बराचसा भाग सुरत पश्चिम मतदारसंघात आहे, म्हणजे नगरसेवक तेच आणि धारासभ्य वेगळे. तुंबलेल्या गटाराची तक्रार आधी महापालिकेच्या झोन कचेरीत नोंदवावी, नंबर घ्यावा. तो नंबर हातात नसेल तर धारासभ्यांची कचेरीही शेवटी तिथेच फोन लावते.

‘त्यांच्याकडे कोट्यवधींचा निधी असतो, मनाला येईल तसा वाटतात.’

सुरतेत सोसायटीच्या नाक्यावर सिमेंटचा बाकडा असतो आणि त्याच्या पाठीवर रंगाने लिहिलेले असते: अमुक यांच्या ग्रँटमधून. ते रोज वाचणाऱ्याला पैसा त्यांचाच वाटला तर नवल नाही. प्रत्यक्षात धारासभ्य फक्त काम सुचवतात. पैसा जिल्हा आयोजन (नियोजन) कचेरीकडे असतो. नियमात बसते का, हे तिथे तपासले जाते, मंजुरी तिथूनच मिळते आणि काम सरकारी यंत्रणा करते. रोकड कोणाच्या हातात येत नाही. रकमेचाही अंदाज घ्यावा. गुजरातमध्ये बरीच वर्षे हा निधी प्रत्येक धारासभ्याला वर्षाला दीड कोटी होता, अलीकडे तो वाढवला गेला. २०२२ मध्ये चोर्यासीत साडेपाच लाखांहून जास्त मतदार होते. दीड कोटी भागिले साडेपाच लाख म्हणजे माणशी तीस रुपयेही होत नाहीत. एवढ्यात बाकडेच बसतात, उड्डाणपूल नाही.

‘आपले नाव गावाकडच्या यादीत, म्हणून इथला धारासभ्य आपला नव्हे.’

सगळ्यात नुकसान करणारी समजूत हीच, कारण ती माणसाला दारापर्यंतही जाऊ देत नाही. धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेले अनेक जण वीस वर्षे सुरतेत राहूनही मतदानाला गावी जातात. इथे मत नाही, मग इथे बोलायचे कोणत्या तोंडाने, असा त्यांचा हिशेब. हिशेब प्रामाणिक आहे, पण चुकीचा. राज्यघटनेच्या १७० व्या कलमानुसार मतदारसंघ आखताना मतदार नव्हे, लोकसंख्या मोजली जाते. जनगणनेच्या वेळी जो जिथे राहतो, तो तिथे धरला जातो. लूमवर काम करणारा, त्याची बायको, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत जाणारी त्यांची मुलगी, सगळे त्या आकड्यात येतात, मग यादीत नाव असो वा नसो. धारासभ्य साऱ्या लोकसंख्येचा प्रतिनिधी असतो.

यात एक गोम आहे. आजच्या सीमा २००८ मध्ये ठरल्या आणि त्यासाठी २००१ ची जनगणना वापरली गेली. त्यानंतर सुरत सर्व बाजूंनी फुगली. कडेने पसरलेला चोर्यासी मतदारसंघ २०२२ पर्यंत मतदारसंख्येत राज्यात पहिला झाला. शहराच्या आतल्या करंजमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच मतदार होते. एका धारासभ्याच्या वाट्याला इतकी माणसे आली की भेट लवकर मिळत नाही, आणि न मिळालेल्या भेटीचा अर्थ ‘परप्रांतीय म्हणून टाळले’ असा लावला जातो. कधी तसे घडतही असेल, पण गर्दीचे गणित आधी पाहावे.

मतदाराचे नाव मात्र एकाच ठिकाणी असायला हवे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन याद्यांत नाव ठेवता येत नाही आणि नोंदणीसाठी खोटे निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावी घर आहे एवढ्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. जो कायमचा सुरतेत राहतो, त्याने आठ नंबरचा फॉर्म भरून नाव इकडे आणावे. त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नसते.

‘शिफारशीची चिठ्ठी मिळाली की हजीऱ्यात नोकरी पक्की.’

हजीऱ्याच्या पट्ट्यात पोलाद, खत, गॅस, बंदर असे मोठे उद्योग आहेत आणि राज्य सरकारच्या १९९५ च्या ठरावानुसार उद्योगांनी किमान ८५ टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या आहेत. चिठ्ठीची आशा तिथून निघते. पण हा सरकारी ठराव आहे, विधानसभेने केलेला कायदा नाही. आणि त्यात टक्केवारी आहे, कोणाचे नाव नाही. कंपनीवर चिठ्ठीचे कोणतेही बंधन नसते. दुसरे असे की त्या ठरावात स्थानिकपणा मातृभाषेवर नव्हे, राज्यातल्या दीर्घ वास्तव्यावर ठरतो. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये वाढलेला मराठी तरुण त्यात बसतो, आणि अनेकांना हेच माहीत नसते. चिठ्ठीऐवजी धारासभ्यांना विचारावे की या पट्ट्यात ८५ टक्क्यांचे पालन किती झाले. हा प्रश्न सभागृहात लेखी विचारता येतो.

धारासभ्यांच्या सहीला जिथे खरोखर किंमत आहे, ती जागा लहान आहे. आधारमधला पत्ता बदलायला भाडेकरूकडे पुरावा नसेल तर ठरलेल्या नमुन्यातला त्यांचा दाखला चालतो, तीन महिन्यांपर्यंत. नगरसेवकाचाही चालतो.

‘त्यांचा एक फोन गेला की पोलीस ठाणे ऐकते.’

इच्छापोर पोलीस ठाणे सुरत शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे हे ठाण्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, फोन येवो वा न येवो. नोंदवली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार धाडता येते. गणपतीचेही तसेच: मूर्तीची उंची, विसर्जनाची जागा यांचा जाहीरनामा आयुक्त काढतात. मंडळाच्या आरतीला धारासभ्य आले म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही.

‘गांधीनगरात बसून इच्छापोरचे काय भले होणार?’

बाकीच्या बहुतेक समजुती धारासभ्यांना नको तेवढे मोठे करतात, ही त्यांना छोटे करते. विधानसभा वर्षातून जेमतेम महिनाभर भरते, म्हणून तिथले काम कोणाला दिसत नाही. पण हजीऱ्याच्या हवेवर आणि सांडपाण्यावर लक्ष ठेवणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचे आहे. कारखान्यांच्या सुरक्षेची तपासणी राज्य करते. उकाई धरणातून पाणी केव्हा सोडायचे हे राज्याचे पाटबंधारे खाते ठरवते, आणि ऑगस्ट २००६ च्या पुरानंतर सुरतेत त्या निर्णयाचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. या खात्यांना जाब विचारण्याचा अधिकार नगरसेवकाला नाही, सरपंचाला नव्हता. तो धारासभ्यांना आहे आणि लेखी उत्तर देणे मंत्र्यांना भाग असते. जिल्ह्यातही कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली दर महिन्याला संकलन समितीची बैठक होते. तिथे धारासभ्यांच्या प्रश्नांवर अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कचेरीत जाताना अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर पोच घ्यावी आणि ‘काम करून द्या’ ऐवजी ‘हा प्रश्न संकलनाच्या बैठकीत घ्या’ असे लिहावे. असा अर्ज कोणीही देऊ शकतो, त्याला मतदार ओळखपत्र जोडावे लागत नाही.